एकशे दहा नंबरचा जेट

माझे बाबा उन्हाळ्यात एका सरकारी कचेरीच्या खिडक्यांवर पाणी मारायचे. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधलेल्या असायच्या. त्या सुकल्या की आतली हवा तापायची आणि आतला साहेब ओरडायचा. म्हणून बाबा बाहेर उन्हात, हातात पत्र्याचा डबा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत या खिडकीवरून त्या खिडकीवर. नागपूरचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला यापेक्षा जास्त सांगायला नको. काम चार महिन्यांचं. पावसाळा लागला की कचेरी ताट्या उतरवायची आणि ताट्यांबरोबर बाबांनाही. मग उरलेले महिने मिळेल ते. लाकडाच्या वखारीत ओझी, संत्र्याच्या बाजारात पेट्या ठोकणं, कधी काहीच नाही. ते काहीच नाहीवाले महिने आईनं काढले. कसे काढले ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही चार भावंडांनी विचारलं नाही. ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी, एवढं मला आठवतं. अंबाडीला मी आजही हात लावत नाही.

मी लहान असतानाच आमचं घर बौद्ध झालं. आईनं घरातले देव फडक्यात बांधून बाहेर नेले आणि रिकाम्या झालेल्या फळीवर माझी पाटी ठेवली. बाबा एवढंच म्हणाले, "आता शिकाचं."

शिकलो. बी.एस्सी. झालो, फिजिक्स घेऊन, दुसऱ्या वर्गात. आमच्या घरातला पहिला, आमच्या गल्लीतला पहिला. हे मी जिथं जातो तिथं सांगतो. लोकांना त्याचा कंटाळा येतो हेही मला ठाऊक आहे. येऊ द्या.

पदवी मिळाली आणि नोकरी मिळाली नाही. दोन वर्षं अर्ज केले. मुलाखतीला बोलावत, आडनाव वाचत आणि मग इस्त्री नसलेल्या शर्टाकडं बघत. दुसऱ्या उन्हाळ्यात बाबा डबा हातात असतानाच खिडकीखाली पडले. वाचले, पण डॉक्टरनं उन्हात जायची मनाई केली. उन्हात जायचं नाही म्हणजे त्यांचं कामच संपलं. भावंडं शाळेत होती. तेव्हा मी प्रमाणपत्रं ट्रंकेत ठेवली आणि सीताबर्डीच्या मागल्या बाजूच्या एका मोटार गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो.

त्या गॅरेजात एक मिस्त्री होता. मी त्याला माफ केलेलं नाही. तो आता नाही, तरीही केलेलं नाही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही, घडलं ते सांगतो.

मिस्त्री पन्नाशीचा, मजबूत हाताचा, शाळेचं तोंड न पाहिलेला. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगायचा आणि दहापैकी आठ वेळा बरोबर सांगायचा, हे मी नाकारत नाही. पण पहिल्या दिवशी त्यानं मला नखशिखांत पाहिलं आणि विचारलं, "काय शिकला गा?"

"बी.एस्सी."

"मंग इथं काहून आला?"

"काम पाहिजे म्हणून."

तो सगळ्यांकडं वळून म्हणाला, "पाहा बे, कलेक्टर आले. सायबाले खुर्ची द्या." त्यांनी मला खरंच एक खुर्ची आणून दिली, तिची बैठक फाटलेली होती. त्या दिवसापासून माझं नाव कलेक्टर पडलं. मी चाकाचा नट आवळत असलो की तो लांबून विचारी, "कलेक्टर, हा नट कोनत्या पुस्तकात हाये, धडा कितवा?" बाकीचे हसत. मी चार वर्षं नट आवळले, ब्रेक धुतले, गाड्यांखाली पाठीवर पडून तेल अंगावर घेतलं. पण मला कार्बोरेटरला हात लावू दिला नाही.

ज्यांना गाडीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल एकत्र करून इंजिनाला देणारा भाग. त्यात जेट नावाचा पितळेचा एक बारका स्क्रू असतो आणि त्याच्या मधोमध सुईएवढं भोक असतं. पेट्रोल त्या भोकातून जातं. भोक केवढं, यावर गाडीची ताकद ठरते. जेटवर त्या भोकाच्या मापाचा नंबर कोरलेला असतो, नंबर मोठा तर भोक मोठं.

आमच्या गॅरेजात रीतच अशी होती की कार्बोरेटर फक्त मिस्त्रीनं उघडायचा. उघडताना तो आमच्याकडं पाठ करायचा. कोणी जवळ आलं तर त्याला चहा आणायला पिटाळायचा. छत्रीची एक तार घासून त्यानं टोकदार केली होती. तिनं तो जेटचं भोक कोरून मोठं करी आणि जेट परत बसवी. त्याची विद्या एवढीच होती. भोक मोठं तर पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त तर ताकद जास्त. मागून काळा धूर निघाला की तो खूश व्हायचा. "धूर काळा पाह्यजे," तो म्हणायचा, "सफेद धूर म्हताऱ्या गाडीचा." आणि हे तो एकटाच मानत नव्हता. तेव्हा नागपुरात जवळजवळ प्रत्येक मिस्त्रीच्या खिशात अशी एक तार असायची.

एका मे महिन्यात नरखेड तालुक्यातला एक बागायतदार, गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक, त्याची गाडी घेऊन आला. संत्र्याच्या आणि मोसंबीच्या मोठ्या बागा, बोटांत अंगठ्या, गालात सुपारी. त्याच्या बागेकडं जाणाऱ्या रस्त्यावर दोन फर्लांगाचा खडीचा चढ होता. शेजारच्या गावी त्याचा साडू राहायचा. त्याच्याकडं याच जातीची गाडी होती. ती गाडी पाच माणसं घेऊन टॉप गिअरमध्ये, म्हणजे गिअर अजिबात न बदलता, तो चढ चढायची.

"आन् माही गाडी सेकंडमंधी रडते," बागायतदार म्हणाला. "लग्नात, तेरवीत, जिथं भेटलं तिथं तो मले इचारते, काय गा साडूभाऊ, गाडीले बैल जुपले का नाई अजून. मले ताकद पाह्यजे, मिस्त्री. पेट्रोल किती पिते ते मी इचारत नाई."

पेट्रोल महागल्यामुळं सगळं गाव तेव्हा गाडी कमी कशी पिईल ते विचारत होतं. हा एकटा उलटं मागत होता. मिस्त्रीला आनंद झाला. त्यानं पाठ केली, तार काढली, भोक मोठं केलं. गाडी काळा धूर सोडत गेली. आठ दिवसांनी परत आली. चढ तर सोडा, सपाटीवरही अडखळत होती. मिस्त्रीनं सांगितलं, पेट्रोलमध्ये रॉकेल आहे, पंप बदला. आणि भोक अजून थोडं मोठं केलं. गाडी तिसऱ्यांदा आली तेव्हा बागायतदार गाडीतून उतरलाच नाही. खिडकीतून बोलला.

"शेठ," तो गॅरेजच्या मालकाला म्हणाला, "तुमच्या इथं मानसं ठेवले हाये का बुजगावणे?"

मालक मिस्त्रीकडं बघायला लागला. मिस्त्री म्हणाला, "इंजिनच गेलं याचं. बोअर कराव लागन, पिस्टन नवे टाकाव लागन. मंग पाहा ताकद."

मी शेजारच्या गाडीच्या चाकाशी बसलो होतो. गप्प बसायचं असं चार वर्षं ठरवलं होतं आणि गप्प बसलो होतो. त्या दिवशी का बोललो ते मला नीट सांगता येणार नाही. इंजिन चांगलं होतं. ते उघडून त्याचे तुकडे होणार, याचा मला राग आला की चार वर्षांचा राग होता, कोण जाणे. मी उठून म्हणालो, "इंजिनाले काही झालं नाही. जेटचं भोक मोठं होऊन राह्यलं. पेट्रोल इतकं चाललं की जळतच नाही."

पत्रा ठोकणारा एक जाडा कारागीर होता, मिस्त्रीचा खास. त्याचा हातोडा वरच्या वर राहिला.

मिस्त्री हळू चालत माझ्यासमोर आला. "तुले कोनं इचारलं?"

"कोणी नाही."

"पेट्रोल जास्त झालं तं ताकद कमी होते म्हनते. आयका बे. उद्या म्हनन, जास्त जेवला तं मानूस बारीक होते."

"मिस्त्री," मी म्हणालो, "चुलीत लाकडं कोंबली तं आग वाढते का धूर?"

हे मी त्याला खाजगीत सांगितलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं, असं मला नंतर काही लोकांनी सांगितलं. मला तसं वाटत नाही. खाजगीत त्यानं मला चहा आणायला पाठवलं असतं.

बागायतदार खिडकीतून हसला. त्याचं हसणं मिस्त्रीला लागलं. मिस्त्री मालकाला म्हणाला, "शेठ, हा इथं राहीन नाई तं मी. आमी तीस वर्षं हात काळे केले. आता हे लोक चार बुकं शिकून आमाले अक्कल शिकवते." 'हे लोक' म्हणताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. कोणते लोक ते सगळ्यांना कळलं.

मालक व्यापारी माणूस. त्याला ना माझं प्रेम होतं ना मिस्त्रीचं. त्यानं बागायतदाराला विचारलं, "पाटील, आठ दिवस गाडी ठेवता?" आणि मग माझ्याकडं बोट केलं. "पुढच्या रविवारी गाडी घेऊन याह्यच्या गावाले जाऊ. सगळे जाऊ. चढली तं त्या दिवसापासून कार्बोरेटरचं काम तुह्याकडं. नाई चढली तं तिथूनच यष्टी पकडाची आन् घरी जाचं. इथं पाय ठेवाचा नाई."

मी हो म्हणालो. घरी बाबा सावलीत बाजेवर बसलेले असायचे आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला दाराकडं बघायचे. मला ते आठवलं, तरी हो म्हणालो.

त्या आठ दिवसांत गॅरेजात मला कोणी पाना दिला नाही. पेचकस मागितला तर "आत्ताच इथं होता" असं उत्तर. मी मागणंच सोडलं आणि घरून एक जुना पेचकस आणला.

जेट काढून पाहिला. त्यावर एकशे दहा कोरलं होतं. कंपनीच्या पुस्तकातही त्या गाडीला एकशे दहाच लिहिलेला होता. म्हणजे कोणीही जेट काढून नंबर वाचला असता तर म्हणाला असता, बरोबर आहे, जेटचा दोष नाही. आणि मिस्त्री तेच म्हणत होता. पण ती गाडी पंधरा वर्षांची. तिनं कितीतरी मिस्त्री पाहिले असतील आणि प्रत्येकाच्या खिशात छत्रीची तार. भोक मोठं होत गेलं आणि नंबर आहे तिथंच राहिला. हे डोळ्यांनी दिसत नाही. सुईएवढ्या भोकात किती फरक पडला ते डोळ्याला कसं कळणार? मोजावं लागतं. आणि मोजायचं कसं, हे मला कॉलेजनं शिकवलं होतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतला शिपाई माझ्या ओळखीचा होता. त्याच्याकडून मी ब्युरेट आणली. ब्युरेट म्हणजे मापाच्या खुणा असलेली उभी काचेची नळी. त्या ब्युरेटला खाली रबराची नळी आणि चिमटा होता. रबरात जुना जेट अडकवला, वर पेट्रोल भरलं, चिमटा सोडला आणि घड्याळ लावलं. पन्नास घनसेंटिमीटर पेट्रोल सतरा सेकंदांत गेलं. मग दुकानातून आणलेला कोरा एकशे दहा नंबरचा जेट लावला. अठ्ठावीस सेकंद. तीनदा मोजलं, सरासरी काढली, प्रॅक्टिकलच्या वहीत काढतात तशी. नंबर तोच, आणि जुन्यातून दीडपटीहून जास्त पेट्रोल.

मी हे गॅरेजच्या अंगणात, सगळ्यांसमोर केलं. पाठ केली नाही. जाडा कारागीर म्हणाला, "कलेक्टर गाडीले सलाईन लावून राह्यला." मिस्त्री बिडी ओढत लांबून बघत होता. मी आकडे वाचून दाखवले तर तो म्हणाला, "पानी मोजून कोनी पोहाले शिकते का?" मी कोरा एकशे दहा गाडीत बसवला.

रविवारी सकाळी निघालो. बागायतदार आदल्या दिवशी येऊन राहिला होता, गाडी तोच चालवत होता. शेजारी मालक. मागं जाडा कारागीर, मिस्त्री आणि मधोमध मी. साडूच्या गाडीत पाच माणसं असायची म्हणून आम्हीही पाच. एकमेकांचं तोंड बघायची इच्छा नसलेली पाच माणसं मांडीला मांडी लावून त्या गाडीचं वजन म्हणून बसली होती. काटोलच्या पुढं खिडकीतून आत येणारी हवा भट्टीसारखी झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा ताणावर सोडलेल्या होत्या. पाणी तोडलेल्या झाडांची पानं मलूल झाली होती. सपाटीवर गाडी चांगली पळत होती. पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली, आणि मागं धूर नव्हता. ते सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

चढाच्या पायथ्याशी बागायतदारानं टॉप गिअर टाकला आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. पहिला अर्धा चढ गाडी दणक्यात गेली. मध्ये एक वळण होतं. वळणावर मिस्त्रीनं मान तिरकी केली. त्यानंतर दोन-तीन क्षणांनी मला ऐकू आलं. इंजिनातून खडखड, पत्र्याच्या डब्यात चणे हलवल्यासारखी.

"आयक," मिस्त्री म्हणाला. "आयक कलेक्टर. तुह्या ब्युरेटमंधी हा आवाज होता का?"

वळणानंतर गाडीचा दम गेला. बागायतदारानं गिअर खाली टाकला, एकदा, मग पुन्हा. आम्ही सेकंडमध्ये रडत वर पोचलो.

मी प्लग काढून पाहिला. इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग खोटं बोलत नाही. पेट्रोल जास्त असेल तर त्याचं टोक काजळीनं काळं होतं, कमी असेल तर पांढरं पडतं. टोक पांढरं पडलं होतं, खडूसारखं.

"पिस्टन भाजून राह्यला तो," मिस्त्री म्हणाला. "अजून चार खेपा अशा केल्या तं पिस्टनले भोक पडन. शेठ, मंग बोअर करावच लागन." तो बरोबर बोलत होता. पेट्रोल कमी पडलं की इंजिन आतून जास्त तापतं. तो बरोबर बोलत होता, आणि त्या दिवसातली मला सगळ्यात जास्त झोंबलेली गोष्ट तीच.

चूक माझी होती. बॉनेट उघडं होतं आणि मी समोर बघत होतो, आठ दिवस रोज जे बघत होतो तेच. कार्बोरेटरच्या तोंडावर कंपनीनं हवा गाळायची जाळी बसवलेली असते. या गाडीची जाळी जागेवर नव्हती. काही वर्षांपूर्वी मिस्त्रीनंच ती काढून फेकली होती, गाडीला मोकळा श्वास घेता यावा म्हणून. जाळी नाही म्हणजे हवा जास्त आत जाणार आणि तिच्या मानानं पेट्रोल कमी पडणार. पुस्तकातला एकशे दहा हा जाळी असलेल्या गाडीचा नंबर. मी मिस्त्रीनं कोरलेलं भोक मोजलं, त्यानं फेकलेली जाळी मोजली नाही. दुसऱ्या वर्गातला बी.एस्सी., तीनदा मोजून सरासरी काढणारा.

बागायतदाराच्या गड्यानं पाणी आणलं. चौघांना पेले. माझ्यासाठी गडी लोटा घेऊन उभा राहिला, वरून ओतायला, मी ओंजळ धरावी म्हणून. बागायतदारानं ते पाहिलं आणि दुसरीकडं पाहिलं. मी ओंजळ धरली नाही. गाडीच्या डिकीत रेडिएटरसाठी ठेवलेला पाण्याचा डबा होता, गंजाची चव असलेला. त्यातलं पाणी प्यालो. मिस्त्रीनं तेही पाहिलं. तो हसला नाही, हे सांगायला पाहिजे.

मालक बागायतदाराला विचारत होता, "पाटील, इथून नागपूरची यष्टी कितीले हाये?"

"तीनले," बागायतदार म्हणाला.

"माझ्याजवळ अजून दोन जेट आहेत," मी म्हणालो. हे मी शुद्ध मराठीत म्हणालो, मुद्दाम. "एकदा खाली जाऊ आणि एकदा चढू. मग मी यष्टी पकडतो."

बागायतदार थुंकला. त्याला माझी कीव आली नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढं साडू होता. "पहिल्या अर्ध्या चढाले गाडी कशी आली ते पाह्यलं मी," तो म्हणाला. "इतकी तं कधीच आली नव्हती. घाला काय घालाचं ते."

माझ्या खिशात एकशे पंधरा आणि एकशे वीस असे दोन जेट होते. संधी एकच. प्लग हातात घेऊन मी पुन्हा पाहिला. नुसता फिकट नव्हता, पांढरा फटक होता. एका पायरीनं भागलं नसतं असं मला वाटलं. पण दोन पायऱ्या चढलो आणि जास्त झालं तर वर काळा धूर निघणार आणि मिस्त्री म्हणणार, पाहा, शेवटी माह्याच वाटेनं आला.

मिस्त्री जवळ येऊन उभा राहिला होता. "कोनता टाकून राह्यला?"

मी जेट तळहातात झाकला आणि त्याच्याकडं पाठ केली. कार्बोरेटर इतका तापला होता की बोटं ठरत नव्हती. शर्टाच्या टोकानं धरून झाकण काढलं, एकशे दहा काढला, एकशे वीस बसवला. चार वर्षं त्यानं माझ्याकडं जशी पाठ केली तशीच मी केली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. बरं वाटलं.

"सांगत नाई म्हनते," मिस्त्री जाड्या कारागिराला म्हणाला. "शिकला हा."

खाली गेलो. पुन्हा पाचही जण आत बसलो. मालक म्हणाला, "पाटील, ईमानदारीनं चालवा, मुद्दाम गिअर काढू नका आन् मुद्दाम ढकलू बी नका."

"मले काय त्याचं लग्न लावाचं हाये?" बागायतदार म्हणाला आणि पाय दाबला.

पहिला अर्धा चढ मघासारखाच गेला. मी काही बघत नव्हतो. मी मिस्त्रीच्या मानेकडं बघत होतो, कारण तो आवाज त्याला माझ्याआधी ऐकू येणार होता. वळण आलं. बागायतदाराचा हात गिअरच्या दांड्यावर गेला, नुसता सवयीनं, आणि तिथंच राहिला. गाडी वळली. खडी चाकांखालून मागं उडत होती. मिस्त्रीची मान सरळच होती. वेग थोडा उतरला, तेवढ्यावर ठरला आणि तसाच राहिला. चढाच्या टोकावर चिंचेचं झाड होतं, ते काचेत मोठं होत आलं.

"आता गाडी बंद करा," मी ओरडलो, "पाय दाबलेला असतानाच चावी फिरवा." त्यानं फिरवली. अशी गाडी बंद केली की प्लगवर पूर्ण ताकदीच्या वेळचा रंग राहतो. गाडी थोडी घरंगळत जाऊन चिंचेखाली थांबली. फडक्यानं प्लग काढला. टोकाचा रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा होता. ना काळा, ना पांढरा.

मी प्लग मिस्त्रीपुढं धरला. त्यानं हातात घेतला नाही. नुसता पाहिला आणि म्हणाला, "हिवाळ्यात पाहू." थंडीत हवा दाट होते आणि पेट्रोल पुन्हा कमी पडू शकतं, हे त्याला कानानं ठाऊक होतं. मग चिंचेच्या सावलीत जाऊन बिडी पेटवली.

बागायतदार गाडीभोवती एक चक्कर मारून आला. गड्याला म्हणाला, "साडूच्या घरी जा आन् सांग, संध्याकाळी चढावर ये म्हना. गाडी घेऊन ये." मालक मात्र मला म्हणाला, "उद्या नऊले ये." माझ्याबरोबरच्या चौघांपैकी कोणी चांगलं केलंस असं म्हटलं नाही. मीही कोणाचे आभार मानले नाहीत. गाडी तिथंच राहिली, परत येताना आम्ही तीनच्या यष्टीत पुन्हा मांडीला मांडी लावून बसलो, आणि काटोलपर्यंत जाडा कारागीर झोपेत माझ्या खांद्यावर पडत होता आणि मी त्याला ढकलत होतो.

मिस्त्री गॅरेज सोडून गेला नाही. तो क्लच आणि ब्रेक बघायचा आणि नंतर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. काही सांगायचं असलं की दुसऱ्याला म्हणायचा, "त्याले सांग." हिवाळ्यात ती गाडी आली तेव्हा तो स्वतः रस्त्यापर्यंत जाऊन तिचा आवाज ऐकून आला. खडखड नव्हती. तो परत येऊन क्लचच्या कामाला बसला. जेटचा नंबर त्यानं परत विचारला नाही. विचारला असता तरी मी सांगितला नसता.

बाबांना पुन्हा उन्हात जावं लागलं नाही. त्या गॅरेजातले सगळे कार्बोरेटर पुढची आठ वर्षं मी उघडले. नवव्या वर्षी नागपुरातच, नंदनवन वस्तीत, माझं स्वतःचं गॅरेज सुरू झालं.